ब्राझीलवाल्या आजोबांचं प्रस्थान

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात क्रिकेट, आणि तेही नवऱ्यापुरतं. पण मस्कतमध्ये इतकी वर्षं लोकांचे गुडघे नि कंबरा वाकवून झाल्यावर, ज्या एका पेशंटसाठी मी घरी येऊन ढसाढसा रडले, तो फुटबॉलचा खेळाडू होता. ब्राझीलचा. वय ऐंशीच्या पुढे. जग त्याला ओळखत होतं अशातला भाग नाही. ओळखत असतं तर तो कुरुम भागातल्या एका बंद बंगल्यात खिडकीशी बसून उघड्याबोडक्या डोंगराकडे बघत राहिला नसता.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला वादी कबीरला, नोकरी एका खाजगी दवाखान्यात, आणि दवाखान्याने सांगितलं की पेशंटच्या घरी जायचं. विश्वचषक ब्राझीलमध्ये भरायचा होता त्या वर्षी, थंडीत, मला कुरुमचा पत्ता मिळाला. दार त्यांच्या मुलीने उघडलं. माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. तिचा नवरा सोहारला लोखंडाच्या कारखान्यात इंजिनियर, फक्त सुट्टीला घरी यायचा. आई वारली म्हणून तिने बापाला इकडे आणलं, आणि इकडे आल्यावर त्यांचं डोकं गेलं. म्हणजे आधीपासूनच जात होतं, बायको झाकून ठेवत होती. असं आपल्याकडेही चालतं. म्हातारी गेली की म्हाताऱ्याचं खरं वय बाहेर येतं.

मी आत आल्याबरोबर तिने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मला जरा चमत्कारिक वाटलं. म्हणाली, तापाने पडायच्या आधी दार उघडं दिसलं की बाबा सरावाला निघायचे, तेव्हापासूनची ही सवय. एकदा हायवेपर्यंत गेले होते, पायात सपाता.

बोलायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. त्यांचं इंग्रजी पुसून गेलेलं, उरलं होतं फक्त पोर्तुगीज. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिलीत. गोव्याच्या शेजाराने आलेले हे शब्द. आजोबा खिडकीला झनेला म्हणायचे, साबणाला साबांव. माझी अर्धी अडचण तिथेच दूर झाली. पण पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात घट्ट धरून जो शब्द पुन्हा पुन्हा म्हटला, तो होता शावी. चावी मागत होते. तेवढा शब्द कळला नसता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

त्यांची कहाणी मुलीने सांगितली, कॉफीचा मग हातात धरून, भिंतीवरचे फोटो दाखवत. गाव उसाच्या शेतांमधलं, वडील रेल्वेत कोळसा ओढायचे. पोरगं अनवाणी खेळायचं. गावच्या क्लबाने बूट दिले, मग मोठ्या शहराच्या क्लबाने उचलून नेलं. खेळायचे सगळ्यात पुढे, गोल मारायला. उंच माणूस, डोक्याने गोल करण्यात हातखंडा. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, पावसात भिजला की धोंडा व्हायचा, आणि हे त्या धोंड्याला डोकं द्यायचे. लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. एका वर्षी देशाच्या शिबिरात बोलावणं आलं. विश्वचषक युरोपात होता. महिनाभर डोंगरातल्या एका हॉटेलात सराव झाला आणि ऐन जायच्या तोंडावर गुडघा दुखावला, म्हणून राहिले. हातातोंडाशी आलेला घास गेला. तिथून उतरण लागली. लहान क्लब, त्याहून लहान क्लब, मग गावी परत, नगरपालिकेच्या मैदानाला पाणी मारायची नोकरी. मुलगी म्हणाली, बाबांनी त्या गुडघ्याला जन्मभर शिव्या दिल्या.

मी तो गुडघा तपासला होता. वयाच्या मानाने ठणठणीत होता. मनात म्हटलं, साठ वर्षांपूर्वीचं दुखणं, भरून आलं असेल.

आता मला का बोलावलं होतं, ते सांगते. विश्वचषक तिकडे, म्हणून गावच्या क्लबाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरवला होता. हयात असलेले चार-दोनच. आजोबांची धाकटी बहीण अजून त्याच गावात, त्याच घरात. मुलीच्या मनाने घेतलं की बाबांना न्यायचंच. नुसतं सत्कारासाठी नव्हे. ती मला सरळच म्हणाली, "त्यांना इथे मरू द्यायचं नाहीये मला. इथे त्यांना कोणीसुद्धा ओळखत नाही." तिकिटं परतीची काढणार होती, पण परतीच्या तिकिटावर तिचा विश्वास नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती. माणूस आधार धरून उभा राहिला पाहिजे, विमानात खुर्चीवरून उठून संडासापर्यंत चालला पाहिजे. ते जमलं तर सही करतो, नाही तर नाही. आणि आजोबा तेव्हा पलंगावरून खुर्चीत दोघांनी उचलल्याशिवाय येत नव्हते. हायवेपर्यंत जाणारा माणूस हिवाळ्यातल्या एका तापाने पार बसला होता. त्यांना चालतं करायचं, हे माझं काम.

मी तशी तापट. पेशंटवर ओरडत नाही, पण मनातल्या मनात पुष्कळ बोलते. वॉकर पुढे ठेवला, हाताला धरून उभं केलं, म्हटलं चला. माणूस हलायला तयार नाही. पाय जमिनीला खिळलेले. मुलगी पोर्तुगीजमध्ये विनवायची, मी मराठीत. पालथ्या घड्यावर पाणी. असे किती दिवस गेले. रोज सकाळी नवरा मला कुरुमला सोडून पुढे गाल्याला कामावर जायचा, आणि दुपारी दवाखान्यात मी वैतागलेली असायचे.

मग एकदा माझ्या पिशवीतून रबरी चेंडू निसटला. हाताची पकड सुधारायला देतो, तो साधा लाल चेंडू. फरशीवरून गडगडत तो आजोबांच्या खुर्चीकडे गेला, आणि ज्या उजव्या पायाला मी इतके दिवस नुसतं पुढे टाक म्हणून विनवत होते, तो पाय झटकन पुढे आला नि चेंडू तळव्याखाली थांबवला. मी बघतच राहिले. मुलीने तोंडावर हात ठेवला.

त्या दिवसापासून मी चालायला सांगणंच सोडून दिलं. मेंदूतलं चालणं गेलं होतं, पण खेळणं खोल कुठेतरी शिल्लक होतं. आधी खुर्चीत बसून, मग वॉकर धरून, मग अंगणातल्या फरशीवर मी नि त्यांची मुलगी दोघीजणी दोन बाजूंना, आणि मध्ये आजोबा. चेंडू जरा लांब टाकायचा. ते दोन पावलं घ्यायचे. अजून लांब टाकायचा. पन्नाशीच्या दोन बायका सलवार नि ट्रॅकपँटमध्ये चेंडूमागे धावतायत, शेजारचे ओमानी गृहस्थ गच्चीवरून बघून हसायचे. हसू देत. मार्च संपताना ते माझ्या एका हाताच्या आधाराने अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला लागले. देव पावला म्हणायचा.

ते मला प्रोफेसोर म्हणायचे. मुलीने सांगितलं, तिकडे खेळाडू प्रशिक्षकाला असंच म्हणतात. म्हणजे आजोबांच्या लेखी मी शिबिराची प्रशिक्षक, हा बंगला म्हणजे डोंगरातलं ते हॉटेल, आणि आपण संघाबरोबर युरोपला निघालोय. बारावीला फिजिक्समध्ये कशीबशी सुटलेली मी, आणि मला प्रोफेसर म्हणणारा हा एकटाच माणूस भेटला. मी काही त्यांचा गैरसमज काढला नाही. माणूस चालतोय ना, मग चालू दे.

डॉक्टर येऊन बघून गेले, खूश झाले, म्हणाले, निघायच्या आधी दोन दिवस पुन्हा येतो आणि सही करतो. तिकिटं पक्की झाली. आणि इथे आमच्या घरातलं शहाणपण आडवं आलं.

माझा नवरा गाल्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत गोदाम सांभाळतो. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या वडिलांची राजापूरकडे भिक्षुकी. याने ती केली नाही, तरी अंगातून गेली नाही. मला सोडायला येताना तो रोज त्या मुलीकडे कॉफी प्यायचा, आजोबांना लांबून नमस्कार करायचा. प्रवासाची तारीख कळली तशी त्याने घरी कॅलेंडर पाहिलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "अगं, अमावास्या आहे त्या दिवशी. एवढा म्हातारा माणूस, एवढा लांबचा प्रवास."

"मग काय तिकिटं बदलायची तुमच्या अमावास्येसाठी?" मी म्हटलं.

"तिकिटं कशाला? प्रस्थान ठेवूया."

हल्लीच्या मुलांना हे ठाऊक नसेल. प्रवासाचा दिवस चांगला नसेल तर आधीचा एखादा चांगला दिवस बघायचा, आणि त्या दिवशी प्रवासाचं एक गाठोडं उचलून वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. मग खरोखर अमावास्येला निघाला तरी दोष लागत नाही. कुरुमहून विमानतळाच्या वाटेवर गाला, म्हणून नवऱ्याचं गोदाम अगदी सोयीचं. त्याने ते त्या मुलीला त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. तिला ते फारच आवडलं. शिवाय आजोबांनी तिला त्या बॅगेवरून जेरीला आणलं होतं. तपकिरी रंगाची जुनी बॅग, त्यांची स्वतःची. सकाळी तिने भरली की दुपारी हे सगळं पलंगावर उपसून ठेवायचे. ती म्हणाली, न्याच, म्हणजे एक कटकट मिटेल. मीसुद्धा मान डोलावली. कुणाचं काय वाईट होणार होतं त्यात?

ठरल्या सकाळी नवरा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आला. बॅगेच्या कडीला रुमालात तांदूळ नि सुपारी बांधली, नमस्कार केला, आणि बॅग उचलून पुढच्या दाराने बाहेर पडला. आजोबा नाश्त्याला बसले होते, कॉफीत बुडवलेला पाव खात होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हातातला पाव बशीत ठेवला. मला वाटलं, पोट भरलं.

अंगणात नेलं, तर चेंडू पायाजवळून घरंगळत कुंड्यांमध्ये गेला. त्यांनी खालीसुद्धा बघितलं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग गुडघे वाकायला लागले म्हणून मी खुर्ची आणली. त्यानंतर त्यांना उठवता येईना. डॉक्टरांना बोलावलं. छाती, रक्त, डोकं, सगळं तपासून झालं. नवीन काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात असे उतार येतात, एका दिवसात येतात, कारण शोधत बसू नका. आणि सहीचं आता विसरा, जोवर ते उठत नाहीत तोवर.

निघताना मी आजोबांच्या पायाशी बसले, पोटऱ्या चोळत. ते माझ्याकडे बघून अगदी स्वच्छ आवाजात काहीतरी म्हणाले. मी मुलीकडे पाहिलं. ती गोंधळली होती. "ते विचारतायत, प्रोफेसोर, माझ्या जागी कोण जातंय?"

आम्हा दोघींनाही अर्थ लागला नाही. तिने त्याच दिवशी आत्याला फोन लावला, फोन मोठ्या आवाजावर ठेवला. रडत रडत सगळं सांगितलं. अमावास्या, माझा नवरा, बॅग. पलीकडच्या म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग बोलायला लागली, आणि मुलीचा चेहरा पांढरा पडत गेला. फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं. शिबिराचा तो प्रशिक्षक नावं वाचून दाखवायचा नाही. कुणाशी वाद नको, रडारड नको. सकाळी सगळे नाश्त्याला बसले की नोकर खोल्यांमध्ये जायचा, आणि ज्यांना वगळलं त्यांच्या बॅगा उचलून फाटकाशी नेऊन ठेवायचा. खेळाडू पाव चघळत असायचे आणि आपली बॅग दारातून बाहेर जाताना बघायचे. गुडघा-बिडघा काही झालं नव्हतं. गुडघ्याची गोष्ट त्यांनी घरी सांगायला रचली होती. बहिणीला ठाऊक होतं, कारण तीच बापाबरोबर स्टेशनावर त्यांना आणायला गेली होती.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमचं प्रस्थान, तुमची अमावास्या, तुमच्या बापाची भिक्षुकी, सगळं काढलं. तो बिचारा ताटावर बसला होता, हात धुऊन उठला. मला माहीत होतं की त्याचा काही दोष नाही, त्याला काय स्वप्न पडलं होतं? पण राग कुठेतरी काढायला हवा होता, आणि तो प्रशिक्षक तर केव्हाच मेला असणार. त्याच्या हाडांवर जाऊन काय ओरडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवऱ्याने गाल्याहून बॅग आणली. आजोबांच्या पलंगाजवळ ती जागच्या जागी ठेवायची, म्हणजे त्यांना वाटेल की आपल्याला वगळलेलं नाही, असं आमचं ठरलं होतं. त्या सकाळी काय झालं ते सांगते, पण त्याच्या पुढचं आधी सांगून मोकळी होते, कारण ते मला शेवटी सांगायचं नाही. आजोबा ब्राझीलला गेले नाहीत. सत्कार झाला, बहिणीने हार घेतला. विश्वचषक आला तेव्हा टीव्ही समोर चालू असायचा आणि ते छताकडे बघत पडलेले असायचे. पुढे भर उन्हाळ्यात ते गेले. डोंगरांच्या मध्ये ख्रिश्चनांची दफनभूमी आहे तिथे त्यांना पुरलं. पाद्री, मुलगी, जावई, आणि आम्ही दोघं. जे होऊ नये म्हणून त्या मुलीने सगळा आटापिटा केला, तेच झालं.

तर ती सकाळ. आजोबा दिवाणखान्यात खुर्चीत होते. नवरा दारातून आत आला. हातात ती तपकिरी बॅग, सुपारीचा रुमाल तसाच कडीला. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. पोट सुटलेला, डोक्याला टक्कल पडत आलेला, आयुष्यात चेंडूला पाय न लावलेला माझा नवरा. आजोबांनी खुर्चीचे हात धरले, आणि कुणाच्याही आधाराशिवाय उभे राहिले. मी पुढे धावले तर त्यांनी मला हाताने थांबवलं. पूर्ण उंचीने उभे. ते इतके उंच आहेत हे मला तोवर कळलंच नव्हतं.

त्यांनी उजवा हात पुढे केला. नवऱ्याने बॅग डाव्या हातात घेऊन तो हात हातात घेतला. आजोबा बोलायला लागले, सावकाश, शिकवल्यासारखं. मी मुलीचा दंड धरून हलवला, म्हटलं, काय म्हणतायत, सांग.

"त्यांना वाटतंय यांचीच निवड झालीय," ती म्हणाली. "म्हणतायत, बॅगेत स्वेटर आहे. माझ्या आईने या प्रवासासाठी विणलाय. तिकडे थंडी असते. तू घाल."

बॅगेत दोन सुती शर्ट होते, पायजमे होते, औषधं होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने आजोबांचा हात सोडला नाही, आणि मराठीतच म्हणाला, "घालतो, काका."